खलिफाने हिशोब कोणाला द्यायचा?

आपल्या घरांत 'खिलाफत' म्हटले की अली बंधू, बी अम्माँ आणि भायखळ्याचे खिलाफत हाऊस आठवते. शिवडीतूनही ईद-ए-मिलादच्या जुलूसला माणसे तिकडे जातात. पण ज्या उस्मानी खलिफासाठी मुंबईने जिवाचे रान केले, त्याच्या स्वतःच्या मुलखात कोणता वाद पेटला होता, हे आम्ही शिक्षकसुद्धा वर्गात क्वचितच सांगतो. मग मुले विचारतात, "तुर्कांनाच खिलाफत नको होती, तर आपण कशासाठी भांडत होतो?" प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर कर्जाच्या वहीत सुरू होते. क्रिमियाच्या लढाईत, १८५४ साली, उस्मानी सरकारने पहिले परदेशी कर्ज काढले. पुढे कर्ज फेडायला कर्ज. १८७५ मध्ये व्याजही पूर्ण देता येईना. घरातल्या कर्त्याने कोणालाही न विचारता उधारी केली तर काय होते, हे आपल्या माताभगिनींना वेगळे सांगायला नको.

सुलतानाला विचारायचे कोणी? नामिक केमाल या कवी-पत्रकाराने विचारले. तो परागंदा होऊन लंडनला गेला आणि १८६८ पासून तिथून निघणाऱ्या 'हुर्रियत' या पत्रात लिहू लागला. त्याचे म्हणणे असे की बैअत हा करार आहे, राज्यकर्ता हा उम्मतचा वकील आहे. सूरह आले इमरानमध्ये मशवऱ्याचा हुकूम खुद्द पैगंबरांना (स.) आहे, तर सुलतान त्यातून कसा सुटेल? म्हणून संसद हा फिरंग्यांचा माल नव्हे, ती आपलीच विसरलेली शूरा आहे. 'वतन' म्हणजे नुसते जन्मगाव नव्हे, सर्वांचा देश, हा अर्थही त्याने रुजवला. १८७३ मध्ये त्याच्या 'वतन' नाटकावर लोक इतके खूश झाले की सरकारने त्याला सायप्रसला हद्दपार केले!

डिसेंबर १८७६ मध्ये राज्यघटना आली. निवडून आलेल्या सभागृहात मुसलमानांबरोबर ख्रिस्ती आणि यहुदी सभासदही बसले. फेब्रुवारी १८७८ मध्ये सुलतान अब्दुल हमीद यांनी ते बंद केले आणि १९०८ पर्यंत उघडले नाही. गंमत अशी की खलिफा या पदवीचा बाहेरच्या मुसलमानांत सर्वांत जास्त गाजावाजा याच सुलतानाने केला. मुंबईला तो इंग्रजांच्या छायेत आधार वाटला. इस्तंबूलच्या संपादकांना मात्र त्याचे सेन्सॉर आणि हेर माहीत होते. शब्द एक, गरजा दोन.

मुंबईची गरज खोटी नव्हती. डिसेंबर १९१२ मध्ये डॉ. अन्सारींचे वैद्यकीय पथक बाल्कन युद्धातल्या जखमींसाठी इथूनच जहाजाने निघाले. मार्च १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती उभी राहिली. लाकडाचे मोठे व्यापारी मियाँ मोहम्मद छोटानी अध्यक्ष झाले. बायकांनी अंगावरचे दागिने फंडात दिले. पुढे समितीच्याच चौकशीत सुमारे १६ लाख रुपये छोटानींच्या धंद्यात अडकल्याचे निघाले. त्या बदल्यात त्यांनी आपल्या लाकूड कापायच्या गिरण्या समितीच्या हवाली केल्या. ही गोष्ट आपल्या सभांत सहसा कोणी काढत नाही. आम्हांला ती सांगण्यासारखी वाटते, कारण इथे हिशोब मागणारेही खिलाफतवालेच होते.

तिकडे नोव्हेंबर १९२२ मध्ये अंकाराच्या सभेने सुलतानपद रद्द केले आणि अब्दुल मजीद यांना फक्त खलिफा म्हणून निवडले. वर्षभराने आगाखान आणि सय्यद अमीर अली यांनी लंडनहून पत्र पाठवले, की खलिफाचा मान राखा. ते सरकारच्या हाती पडण्याआधीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आले. अंकारात संताप उसळला. बाहेरच्यांनी आमच्या कारभारात का पडावे? ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत गेली. वाचवायला लिहिलेल्या पत्राने विरोधकांनाच निमित्त दिले.

इकडे अनेकांनी हंबरडा फोडला. अल्लामा इक्बाल यांनी मात्र थोड्याच वर्षांत इज्तिहादवरच्या इंग्रजी व्याख्यानात तुर्कांची बाजू तपासली. खिलाफत एका व्यक्तीऐवजी निवडून आलेल्या सभेकडे असू शकते, हे तुर्कांचे मत त्यांनी बरोबर ठरवले.