समुद्रात वाहणारी नदी

पोरांनो, नकाशा पुढ्यात घ्या. डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंगालचा उपसागर, मधे आपला देश. दोन्ही समुद्र एकाच अक्षांशांवर, दोघांवर सूर्य तोच, मोसमी वारेही तेच. मग पाणीही सारखंच असेल असं वाटतं ना? तसं नाही. अरबी समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ असतं. उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळा सरताना तेच ३० ग्रॅमच्याही खाली उतरतं. हे सहा-सात ग्रॅम चिमूटभर वाटतील, पण आपल्या पावसाचं पुष्कळसं गणित त्यांच्यावर चालतं.

अरबी समुद्रावर पाऊस पडतो त्यापेक्षा कितीतरी जास्त पाण्याची वाफ होते. वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते, मीठ मागे राहतं. उपसागराची तऱ्हा उलटी. तिथे पाऊस धो धो, आणि वर गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी अशा नद्या येऊन मिळतात. त्यांत आपल्या दोघी आहेत, गोदावरी आणि कृष्णा. त्र्यंबकेश्वराहून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नाही. पण उतार पूर्वेकडे, म्हणून गोदावरी त्याच्याकडे पाठ करून जवळजवळ १,४६५ किलोमीटर चालते आणि उपसागराला मिळते. म्हणजे बघा, नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून वाफ घेऊन येतात, सह्याद्री ती अडवून पाऊस पाडतो, आणि घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेलं ते पाणी दुसऱ्याच समुद्राच्या पदरात जातं. मला याचं नवल अजून सरलेलं नाही.

आता खरी गंमत ऐका. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. नद्यांचं आणि पावसाचं पाणी उपसागरात लगेच मिसळून जात नाही, दुधावर साय धरावी तसं वर पसरून राहतं. हा थर कधी कधी जेमतेम दहा मीटरांचा असतो. वारा समुद्र घुसळू पाहतो, पण खालचं जड खारं पाणी सहजासहजी वर येत नाही. आणि आलंच, तरी गोड्या थराच्या लगेच खालचं पाणीही बहुधा कोमटच असतं. खरं गार पाणी त्याच्याही खाली. म्हणून भर पावसाळ्यातही उपसागराचा पृष्ठभाग २८ अंश सेल्सिअसच्या वर राहतो.

या २८ अंशांना फार महत्त्व आहे. समुद्र त्याहून गरम असला की वरची दमट हवा जोमाने वर चढते, उंचच उंच ढग उभे राहतात. अरबी समुद्रावर वारे फार जोरात वाहतात, सोमालियाच्या किनाऱ्याशी तर खोलातलं गार पाणी उपसून वर आणतात. पावसाळ्यात तो समुद्र पुष्कळ थंडावतो. उपसागर मात्र तापलेलाच, म्हणून कमी दाबाची क्षेत्रं तिथे एकामागून एक तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भात पाऊस घेऊन येतात. गोव्याच्या दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये या तिघांनी २००२ साली दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडला, तेव्हा हे चक्र लख्ख दिसलं. पाऊस पडतो म्हणून वरचं पाणी गोडं राहतं, गोडं राहतं म्हणून गरम राहतं, आणि गरम राहतं म्हणून पुन्हा पाऊस पडतो.

तुम्ही विचाराल, असंच चाललं तर एक समुद्र खारट होत जाईल आणि दुसरा मचूळ, त्याचं काय? तो हिशेब प्रवाह भागवतात. इतर महासागरांतले मोठे प्रवाह वर्षभर एकाच दिशेने वाहतात. आपल्याकडे वारे उलटले की प्रवाहही उलटतात. पावसाळ्यात श्रीलंकेच्या दक्षिणेकडून अरबी समुद्राचं खारं पाणी उपसागरात शिरतं, आणि जड असल्यामुळे गोड्या थराखाली सरकतं. हिवाळ्यात उपसागराचं मचूळ पाणी श्रीलंकेला वळसा घालून पश्चिमेला येतं आणि केरळच्या किनाऱ्याने उत्तरेकडे सरकतं. एप्रिल-मे महिन्यांत त्याच भागात समुद्र ३० अंशांच्याही वर तापतो. त्या तापण्यात या मचूळ थराचाही हात असावा, असं संशोधक मांडत आले आहेत. आणि त्यानंतर, जूनच्या तोंडावर, भारताच्या मुख्य भूमीवर मोसमी पाऊस पहिल्यांदा पोचतो तो केरळातच.

गोड्या पाण्याची ही वाट नेमकी कशी सापडली, तेही सांगतो. पूर्व किनाऱ्याला लागून दक्षिणेकडे हा पट्टा सरकतो, पण रोज जहाज घेऊन कोण मोजत बसणार? संशोधकांनी मच्छीमारांनाच हाताशी धरलं. किनाऱ्यावरच्या ठरलेल्या ठिकाणी, दर पाच दिवसांनी, वर्षानुवर्षं ते समुद्राचं पाणी बाटलीत भरून देत राहिले. प्रयोगशाळेत त्या बाटल्यांमधलं मीठ मोजलं गेलं. पावसाळ्यानंतर गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी किनाऱ्याला चिकटून, सुमारे शंभर किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून दक्षिणेकडे जातं, हे त्यातून कळलं. २०१४ साली हे संशोधन छापून आलं, तेव्हा त्या पट्ट्याला त्यांनी ‘समुद्रातली नदी’ असंच म्हटलं.