विमानाच्या इंजिनाला इंधन कसें पोंचतें

१७ जानेवारी २००८ रोजीं दुपारीं पाऊण वाजण्याच्या सुमारास, बीजिंगहून निघालेलें ब्रिटिश एअरवेजचें एक बोइंग ७७७ विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याच्या बेतांत होतें. वेग राखण्यासाठीं इंजिनांकडे अधिक जोराची मागणी झाली. प्रथम जोर वाढलाहि. पण जमीन अवघी ७२० फूट खालीं राहिली असतां उजव्या इंजिनाचा जोर ओसरला, आणि सात सेकंदांनीं डाव्याचाहि. इंजिनें बंद पडलीं नव्हतीं. तीं मंद गतीनें फिरत होतीं. टाक्यांत साडेदहा टन इंधन शिल्लक होतें. धावपट्टीच्या सुमारें ३३० मीटर अलीकडे विमान गवतावर आदळलें आणि चाकांचा सांगाडा मोडला. आंतील १५२ माणसांपैकीं एकाचाहि प्राण गेला नाहीं, हें केवढें सुदैव!

इंधन आहे, इंजिनें शाबूत आहेत, तरी जोर नाहीं. हें कसें घडलें तें समजण्यास टाकीपासून ज्वालेपर्यंतचा इंधनाचा मार्ग पाहिला पाहिजे.

या इंजिनांत जळतें तें मुख्यत्वें शुद्ध केलेलें रॉकेलच होय. ज्या घरांतून पंपाचा स्टो वापरला गेला आहे, त्यांना यांतील निम्में रहस्य आधींच ठाऊक आहे. टाकींत हवा भरून रॉकेलवर दाब आणावयाचा, तें बारीक छिद्रांतून जोरानें बाहेर काढावयाचें आणि हवेशीं मिसळून जाळावयाचें. छिद्रांत कण अडकला कीं पिन मारावी लागे. विमानांतहि जबर दाब, बारीक छिद्रें आणि कणाचें भय हीं सर्व आहेतच. मात्र आकाशांत पिन मारण्याची सोय नाहीं.

इंधनाच्या टाक्या बहुतांशीं पंखांच्या पोकळींत असतात. टाकींतला विजेचा पंप इंधन इंजिनाकडे लोटतो. तेथें कमी दाबाचा दुसरा पंप तें पुढें ढकलतो. मग लागते एक पेटी. हिच्यांत हजाराहून अधिक बारीक नळ्या असतात. नळ्यांतून थंडगार इंधन जातें आणि त्यांच्या बाहेरून इंजिनाचें तापलेलें वंगण. वंगणाला निवावयाचें असतें, इंधनाला ऊब हवी असते. एकाची अडचण दुसऱ्याची सोय होते. काटकसरी घराला शोभेल अशीच ही योजना! पेटींतून इंधन गाळणींत, तेथून जास्त दाबाच्या पंपांत, मग माप ठरविणाऱ्या झडपेंतून ज्वलनकक्षांतील फवाऱ्यांकडे जातें.

खरें कौशल्य आहे तें या मापांत. पुढच्या पात्यांच्या रांगा हवा दाबून आंत कोंबतात, ती इंधनाबरोबर जळते, आणि तप्त झोत टर्बाइनचें चक्र फिरवितो. तेंच चक्र पुढचीं पातीं फिरवितें. वैमानिक दांडा पुढें करतो तेव्हां तो केवळ इंधन मागत असतो. हवेची तरतूद इंजिन स्वतःच करून घेतें. इंधन एकदम फार दिलें तर टर्बाइनचीं पातीं भाजून निघतात, किंवा दबलेली हवा उलट उसळून इंजिन धक्के खातें. फार कमी दिलें तर ज्योत विझते.

माप सुटलें म्हणजे काय होतें, तें फ्रँक व्हिटल या इंग्रज संशोधकानें १२ एप्रिल १९३७ रोजीं रग्बी येथें अनुभवलें. त्याचें पहिलेंच इंजिन सुरू झालें आणि आवरेनासें झालें. इंधनाची झडप बंद केली तरी वेग वाढतच राहिला, कारण आधींच गळून कक्षाच्या तळाशीं सांचलेलें इंधन पेटलें होतें. भोंवतालचीं माणसें पळालीं. व्हिटल यंत्रापाशींच उभा राहिला. पुढें हें माप स्प्रिंगा व झडपा ठेवूं लागल्या, आणि त्यानंतर तें गणकयंत्राकडे आलें.

हीथ्रोच्या विमानांत गणकयंत्र चुकलें नव्हतें. झडप त्यानें पूर्ण उघडली होती; उघड्या झडपेंतून येण्यास इंधनच पुरेसें नव्हतें. जास्त दाबाच्या दोन्ही पंपांत, पुरवठा तुटला असतां धातूवर पडणाऱ्या ताज्या खुणा आढळल्या. अडथळा त्यांच्या अलीकडे असला पाहिजे. पण तेथें कांहींच सांपडलें नाहीं!

संशय गेला तो पाण्यावर. इंधनांत थोडें पाणी विरघळलेलें असतेंच. टाकीच्या तळाशीं सांचलेलें पाणी जमिनीवर काढून टाकतां येतें. विरघळलेलें मात्र इंधन गार होईपर्यंत दिसत नाहीं. सायबेरियावरून येणाऱ्या या प्रवासांत इंधनाचें तापमान उणे ३४ अंशांपर्यंत उतरलें होतें. इंधन गोठलें नाहीं. त्याचा गोठणबिंदु उणे ५७ होता. गोठलें तें पाणी, सुमारें ७९ टन इंधनांत अदमासें पांच लिटर. प्रयोगांत असें दिसलें कीं उणे ५ ते उणे २० अंशांच्या दरम्यान हा बर्फ चिकट असतो. तासन्‌तास मंद प्रवाह चालू असतां तो नळांच्या आंतल्या बाजूस धरत गेला, आणि शेवटीं जोराची मागणी होतांच एकदम सुटला. पेटींतील नळ्यांचीं टोंकें तबकडीच्या बाहेर किंचित् डोकावत होतीं; त्यांवर त्याचा थर बसला. ऊब देण्यासाठीं केलेली पेटीच गळा आवळणारी ठरली. पुरावा तर वितळून गेला होता. म्हणूनच २०१० च्या अहवालांत तपासकर्त्यांनीं हें कारण सर्वांत संभाव्य म्हणून सांगितलें, आणि तेंच प्रामाणिकपणाचें होतें.

दरम्यान २६ नोव्हेंबर २००८ रोजीं शांघायहून अटलांटाला जाणाऱ्या, तशाच इंजिनांच्या दुसऱ्या ७७७ विमानाचें उजवें इंजिन अमेरिकेंतील मोंटाना संस्थानावर असेंच मंदावलें. वैमानिकांनीं विमान खालीं आणलें आणि दांडा पुढें न रेटतां उलट पार मागें ओढला. प्रवाह कमी झाला, तापलेल्या वंगणाला बर्फ वितळविण्यास अवसर मिळाला, आणि इंजिन पुन्हां पूर्ववत् चालूं लागलें. ७२० फुटांवर अशी सवड नव्हती.

पुढें या जातीच्या इंजिनांतील पेट्या बदलण्यांत आल्या. नव्या पेटींत नळ्यांचीं टोंकें तबकडीच्या पृष्ठाशीं समपातळींत आणलीं आहेत.