यकृताची गाठ आणि तीन यंत्रे

यकृत हा मोठा सोशिक अवयव. उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला, दीडेक किलो वजनाचा. बराचसा बिघडला तरी कुरकुर करीत नाही. म्हणून त्यात कर्करोगाची गाठ झाली, तरी माणूस शेतात राबतच असतो. पोटात पाणी धरले, अन्न जाईनासे झाले, म्हणजे मग देगलूरहून नांदेड किंवा अहमदपूरहून लातूर गाठायचे.

ही गाठ बहुधा आधीच दुखावलेल्या यकृतात होते. ‘ब’ किंवा ‘क’ जातीची कावीळ वर्षानुवर्षे अंगात मुरलेली असते, किंवा दारूने अथवा साचलेल्या चरबीने यकृत आकसून टणक झालेले असते. या टणकपणाला डॉक्टर ‘सिरॉसिस’ म्हणतात. बुरशी आलेल्या भुईमुगातले आणि मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे विषही कर्करोगाला हातभार लावते. बुरसट दाणे गड्याला देऊन टाकणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

पहिले यंत्र सोनोग्राफीचे. गरोदर बायकांच्या तपासणीमुळे ते आपल्याला ठाऊक आहे. कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचे. अपाय नाही, खर्चही बेताचा. सिरॉसिस असलेल्याने दर सहा महिन्यांनी ती करावी, सोबत ए.एफ.पी. ही रक्ततपासणी केली तर अधिक चांगले. मात्र आतड्यातला वायू आणि अंगावरची चरबी आवाजाला अडवतात, आणि बारीक गाठ निसटते. शिवाय गाठ दिसली तरी ती कशाची, हे सोनोग्राफी सहसा ठामपणे सांगत नाही.

ते सांगायला सी.टी. स्कॅन लागतो. इंग्लंडच्या हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. यात क्ष-किरणांनी शरीराचे काप केल्यासारखी चित्रे निघतात. पण खरी गंमत शिरेतून दिलेल्या औषधाची आहे. असे समजा, की एका शेताला कालव्याचेही पाणी आहे आणि विहिरीचेही. यकृताला सुमारे पाऊण हिस्सा रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, तो कालवा; उरलेले पाव हिस्सा रोहिणीतून, ती विहीर. कर्करोगाची गाठ मुख्यतः विहिरीवर जगते. औषध आधी विहिरीच्या वाटेने पोचते, तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या सुमारास गाठ उजळते. मग कालव्याचे पाणी येते, सारे यकृत उजळते आणि गाठ फिकी पडते. आधी उजळणे, मग फिके पडणे, ही तिची खूण.

म्हणून औषधाविना काढलेला साधा सी.टी. येथे फारसा उपयोगी नाही. वेगवेगळ्या वेळी चित्रे घेणारा ‘ट्रिपल फेज’ सी.टी. हवा. आधी साधा आणि मग हा, असा दुहेरी खर्च माणसाला परवडत नाही. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते आधीच विचारून घ्यावे. मूत्रपिंडे अधू असतील तर तेही सांगावे.

तिसरे यंत्र एम.आर.आय.चे. त्यात क्ष-किरण नसून चुंबक असतो. बारीक, विशेषतः दोन सेंटिमीटरहून लहान गाठी ते अधिक चांगल्या दाखवते. पण अर्धा-पाऊण तास निश्चल पडावे लागते, सांगितले की श्वास रोखावा लागतो. पोटात पाणी भरलेल्याला ते जड जाते. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास आधी कळवावे लागते. तेव्हा महाग तेच उत्तम, असा हिशेब करू नये. सी.टी.ने उलगडा झाला, तर एम.आर.आय. दरवेळी लागतोच असे नाही.

रिपोर्ट वाचून घ्यायला गावकरी पुष्कळदा गुरुजींकडेच येतात, म्हणून दोन शब्द. ‘वॉशआउट’ म्हणजे वर सांगितलेले फिके पडणे. ‘एल.आर. ५’ म्हणजे सिरॉसिसच्या किंवा जुनाट ‘ब’ काविळीच्या रुग्णात ही गाठ यकृताच्या कर्करोगाचीच. अशा वेळी सुई घालून तुकडा काढण्याची गरज सहसा पडत नाही. यकृत मुळात निरोगी असेल, तर मात्र तुकडा तपासावा लागतो. एक सेंटिमीटरहून लहान ठिपका दिसला, तर बहुधा तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात.

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालयात जा, लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत जा किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात. जुन्या सगळ्या फिल्मा, नुसते कागद नव्हे, पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे डॉक्टर त्या शेजारी ठेवूनच ठरवतात.