गोळी घेतली, पण मेंदूपर्यंत पोहोचली का?

"अब्बांनी गोळी वेळेवर घेतली, तरी दुपारी हात थरथरतोच," ही पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरची नेहमीची तक्रार. अशा वेळी गोळी जेवणासोबत घेतली होती का, हे आधी बघा.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातली बरीचशी औषधं त्यांतून पलीकडे जातच नाहीत. या आजारात कमी पडणारं डोपामाइनही जात नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. ते अमिनो आम्लासारखं असल्यामुळे पेशीवरचं 'एलएटी-१' हे वाहक प्रथिन त्याला आत घेतं आणि आत त्याचं डोपामाइन बनतं. पण मटण, अंडी, डाळ यांतली अमिनो आम्लंही याच दारातून जातात. दारात गर्दी झाली की औषध बाहेरच ताटकळतं! आतड्यातही हीच ओढाताण होते.

उलट काम करणारं प्रथिनही तिथेच आहे, 'पी-ग्लायकोप्रोटीन'. ते आत शिरलेलं औषध पुन्हा रक्तात फेकतं. जुलाबावरची लोपेरामाइड खरं तर अफूच्या गटातली, पण नेहमीच्या डोसात तिची नशा चढत नाही, ती मुख्यतः या पहारेकऱ्यामुळेच.

पण म्हणून अब्बांचं मटण-डाळ बंद करू नका, अशक्तपणा येईल. गोळी जेवणाच्या अर्धा-एक तास आधी दिली तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या.