दाहाला लगाम घालणारे संप्रेरक

दम्याचा विकार असलेल्या मुलाजवळ पुष्कळदा दोन पंप असतात. एक धाप लागल्यावर ओढायचा, दुसरा धाप नसतानाही रोज ओढायचा. पहिल्याने काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. दुसऱ्याने लगेच काहीच जाणवत नाही, म्हणून बरे वाटू लागताच पुष्कळजण तोच सोडून देतात. वस्तुतः दम्याच्या मुळाशी जाणारे औषध त्यातच असते. या औषधांना कॉर्टिकोस्टेरॉइडे म्हणतात.

ठेच लागलेले बोट लाल होते, सुजते, ठणकते. हाच दाह होय. त्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जमतात. ही शरीराची संरक्षणाचीच तजवीज आहे. परंतु अ‍ॅलर्जीत धूळ, परागकण अशा निरुपद्रवी वस्तूंवरही शरीर शत्रू समजून तुटून पडते. हा दाह नाकात झाला की शिंका येतात. दम्यात तो श्वासनलिकांत होतो. त्यांचे अस्तर सुजते, चिकट कफ साठतो, भोवतीचे स्नायू आकसतात आणि हवेची वाट अरुंद होते.

दाहाला आवर घालणारा पदार्थ आपल्या शरीरातच तयार होतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. फिलिप हेंच यांना आढळले होते की, कावीळ झाली किंवा दिवस गेले की संधिवाताच्या रुग्णांचे दुखणे कमी होते. शरीरातीलच एखादे द्रव्य हे करत असावे, असा त्यांनी तर्क केला. एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळे केलेले कॉर्टिसोन हे द्रव्य सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला टोचण्यात आले. काही दिवसांतच ती चालू लागली! हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइकश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे औषध काम कसे करते? ते पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते. आत त्याच्यासाठी ग्राही नावाचे प्रथिन असते. कुलपात किल्ली बसावी तसे ते त्यात बसते. ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन दाह वाढवणारी प्रथिने बनवणाऱ्या जनुकांना थोपवते आणि दाह शमवणाऱ्यांना चालना देते. आधी बनलेली प्रथिने संपेपर्यंत मात्र वेळ लागतो. म्हणूनच गुण यायला काही तास, आणि पंपाचा पूर्ण लाभ दिसायला काही आठवडे लागतात. पहिला पंप केवळ आकसलेले स्नायू सैल करतो. सूज तशीच राहते.

पण कॉर्टिसॉलची कामे अनेक आहेत. त्यामुळे मोठ्या मात्रेत दीर्घकाळ गोळ्या घेतल्यास रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो आणि जंतूंशी लढण्याची शक्ती घटते. शिवाय बाहेरून आयता पुरवठा होत असल्याने अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. अशा गोळ्या एकाएकी बंद केल्या तर जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. यावर उपाय म्हणून १९७२ च्या सुमारास श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड वापरात आले. गोळीत औषध मिलिग्रॅममध्ये असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात बहुधा ५० ते २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा लहानसा अंश. तेही थेट श्वासनलिकांत पोहोचते. त्यानंतर चूळ भरली की तोंडात बुरशी होण्याचा धोका टळतो.

या औषधाच्या दोन्ही बाजू कोविडच्या साथीत दिसल्या. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोनमुळे कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर काळ्या बुरशीचे रुग्ण आढळले. त्यांतील पुष्कळांना मधुमेह होता आणि स्टेरॉइडे दिली गेली होती.

तेव्हा स्टेरॉइड या नावाला भिऊ नये, आणि ते मनाने घेऊही नये किंवा सोडूही नये. वर्गातील एखादा मित्र रोज पंप ओढत असेल तर त्याला हसू नका. तो आपल्या श्वासनलिकांतील सूज आटोक्यात ठेवत असतो.