खेळाडू, विद्यार्थी की कामगार?

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एका तडजोडीवर शिक्कामोर्तब केले आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हौशीपणाचे सोवळे अखेर सुटले. विद्यापीठांना आपल्या खेळाडूंस थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. त्यासाठी पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा घालून देण्यात आली. आधीच्या खेळाडूंना भरपाईदाखल सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यावयाचे ठरले. हे डोळे दिपविणारे आकडे वाचताना केंट वॉल्ड्रेप यांचे नाव विसरता कामा नये. कारण या तडजोडीने जो प्रश्न सोडविला, तो त्यांचा नव्हता. आणि त्यांचा जो प्रश्न होता, तो अजूनही अनुत्तरितच आहे.

वॉल्ड्रेप हे फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचे ‘रनिंग बॅक’. अमेरिकी फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून सर्वस्वी निराळा खेळ. चेंडू काखेत घट्ट धरून प्रतिपक्षाच्या फळीत घुसायचे आणि पाडले जाईपर्यंत पुढे सरकायचे, हे रनिंग बॅकचे काम. कबड्डीत एकट्या चढाईपटूवर सारा संघ तुटून पडावा, तशीच काहीशी त्याची अवस्था. फरक इतकाच, की येथे अंगावर येणारे गडी धिप्पाड असतात, शिरस्त्राणे घातलेले असतात आणि वेगाने धावत येऊन धडकतात. मैदानावर सर्वांत अधिक मार खाणाऱ्यांपैकी हा एक.

२६ ऑक्टोबर १९७४ रोजी बर्मिंगहॅम येथे अलाबामाच्या बलाढ्य संघाशी सामना होता. वीस वर्षांचे वॉल्ड्रेप चेंडू घेऊन कडेच्या बाजूने धावले, प्रतिपक्षाच्या खेळाडूंनी त्यांना घेरले आणि ते मानेवर आपटले. त्या क्षणी त्यांची क्रीडा-कारकीर्द संपली आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. अलाबामाचे विख्यात प्रशिक्षक बेअर ब्रायंट रुग्णालयात त्यांच्या खाटेपाशी येऊन उभे राहिले. परंतु इतिहासकार टेलर ब्रँच यांनी २०११ मध्ये नमूद केल्याप्रमाणे, त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाने नऊ महिन्यांनंतर औषधोपचाराची बिले भरणे थांबविले. पुढे कुटुंबाला लोकांच्या देणग्यांवर विसंबावे लागले.

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. कारखान्यात यंत्रात हात सापडला, तर कामगाराला नुकसानभरपाई मिळते. चूक कोणाची, हे पाहिले जात नाही. ज्या उद्योगासाठी माणूस राबतो, त्या उद्योगानेच त्याच्या इजेचा भार उचलावा, हे त्यामागील साधे तत्त्व. मग विद्यापीठासाठी खेळताना ज्याची मान मोडली, तो कोण?

याचे उत्तर १९५० च्या दशकातच तयार करून ठेवण्यात आले होते. कोलोरॅडोतील एका महाविद्यालयाचा खेळाडू रे डेनिसन १९५५ मध्ये सामन्यातील डोक्याच्या दुखापतीने मरण पावला आणि त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, अशा आशयाचा निर्वाळा देऊन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तिचा दावा फेटाळला. अशा दाव्यांच्या धास्तीने राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ असा जोडशब्द रूढ केला. तो आपण का घडविला, याची कबुली संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दिली. शब्द गौरवाचा, पण काम ढालीचे!

वॉल्ड्रेप यांनी या ढालीवर प्रहार केला. टेक्सासच्या कामगार भरपाई आयोगाने १९९३ मध्ये त्यांना कामगार मानले आणि आठवड्याला ७० डॉलर व वैद्यकीय खर्च मंजूर केला. विमेदारांच्या बाजूने त्यास आव्हान देण्यात आले. १९९७ मध्ये ज्यूरीने, आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने, ते कामगार नव्हते असा निकाल दिला. शिकवणी शुल्क, राहणे-जेवण आणि महिन्याकाठी १० डॉलर एवढे मिळणे म्हणजे वेतन नव्हे, असे ठरले. आपला निर्णय १९७४ च्या परिस्थितीपुरता आहे, आजच्या खेळाडूविषयी आपण काही म्हणत नाही, अशी पुस्तीही न्यायालयाने जोडली. न्यायासनालाही या निकालाचे ओझे जाणवले असावे, असे म्हणावयास जागा आहे.

या माणसाने मात्र हातपाय गाळले नाहीत. पक्षाघातावरील संशोधनासाठी त्यांनी संस्था उभारली. अध्यक्ष रेगन यांनी त्यांना अपंगविषयक राष्ट्रीय परिषदेवर नेमले आणि १९९० च्या अपंग हक्क कायद्याच्या जडणघडणीत त्यांचा वाटा राहिला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रतिपक्षाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. थोडी बडी विद्यापीठे सोडली, तर बहुतेकांचे क्रीडाविभाग तोट्यात चालतात. प्रत्येक खेळाडूला नोकर ठरविले, तर पोहणे, कुस्ती यांसारख्या खेळांवर आणि महिलांच्या संघांवर गदा येईल, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. मोफत शिक्षण हेही काही क्षुल्लक दान नव्हे. तथापि, वेतन किती द्यावे हा एक प्रश्न आणि मोडलेल्या मानेचा खर्च कोणी सोसावा हा दुसरा. पहिल्याच्या गुंतागुंतीआड दुसरा दडविणे हा शुद्ध कांगावा होय. २०२५ च्या तडजोडीनेही खेळाडूंना पैसे दिले. ‘कामगार’ हा दर्जा दिला नाही.

उद्या एखाद्या तरुणाची मान पुन्हा मोडली, तर गाजलेल्या खेळाडूच्या गाठीशी कदाचित पैसा असेल. लहान महाविद्यालयातील अनामिक खेळाडूपाशी तोही नसेल. म्हणून त्याला कोणतेही नाव द्या, पण खेळताना झालेल्या इजेचा आजन्म भार त्याला खेळविणाऱ्या संस्थेवरच असला पाहिजे. मैदान विद्यापीठाचे, तिकिटे विद्यापीठाची, जयघोषही विद्यापीठाचा. मग जखम तेवढी खेळाडूची एकट्याची कशी?