अर्धचंद्र डोक्याचा पाहुणा

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. रात्रभर कोसळून सकाळी पावसाने उघडीप दिली होती. अंगणातली कुंडी मी सरकवली, तो तिच्या बुडाशी तपकिरी रंगाची ओली नाडी पडलेली दिसली. उचलणार, इतक्यात ती नाडी चालू लागली!

लांबी चांगली वीतभर. पाठीवर पाच काळसर रेघा आणि पुढे पसरट, अर्धचंद्राकृती डोके.

“अहो, हात लावू नका! सापाचं पिल्लू असेल,” सौभाग्यवती दारातूनच ओरडल्या. साप नव्हे हे दिसत होते. तरी मी खुरप्याने तीन तुकडे केले आणि विजयी मुद्रेने चहाला बसलो.

सायंकाळी प्राणिशास्त्र शिकवणारा एक मित्र आला. हकिगत ऐकून तो हसत सुटला. “तीन तुकडे केलेस? मग आता तीन झाले!”

हा जमिनीवर राहणारा चपटकृमी, बायपेलियम क्यूएन्स. लॅटिनमध्ये ‘बायपेलियम’ म्हणजे फावडे. डोक्यावरून पडलेले नाव. लंडनच्या क्यू उद्यानातील काचघरात तो मिळाला व १८७८ साली मोझली यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून ‘क्यूएन्स’. मूळचा तो आग्नेय आशियातला. रोपांच्या मुळाशी असलेल्या मातीतून देशोदेशी पोचला.

याला फुप्फुसे नाहीत, रक्तही नाही. प्राणवायू कातडीतूनच आत झिरपतो. तोंड डोक्याला नसून पोटाच्या मध्यावर, आणि खाण्याची व टाकण्याची वाट एकच! डोळे मात्र डोक्याच्या कडेने ठिपक्यांसारखे कितीतरी. आवडते खाद्य गांडूळ. चिकट स्रावाने त्याला जखडायचे, तोंडातून घसा बाहेर काढायचा आणि भक्ष्य विरघळवून शोषून घ्यायचे. फुगू माशात असते ते टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष याच्याही अंगात असल्याचे २०१४ साली आढळले. वंशविस्तारासाठी हा शेपटीचा तुकडा मागे सोडून निघून जातो. दहाएक दिवसांत त्या तुकड्याला नवे डोके फुटते. म्हणजे जे काम तो स्वतः करतो, तेच मी खुरप्याने करून दिले होते!

आता मला घाम फुटला. कुंडीपासून दहा पावलांवर माझा गांडूळखताचा खड्डा! बॅटरी घेऊन धावलो. दोन तुकडे सापडले. चिमट्याने उचलून मिठात टाकले. तिसरा काही मिळाला नाही.

वाचकहो, असा पाहुणा दिसला तर कापू नका, उघड्या हाताने धरूही नका. मी अजून रोज कुंड्या हलवून पाहतो. त्या अर्धचंद्राला अर्धचंद्र देणे राहून गेले आहे!